तीनदा विसळलेली बाटली

पाण्याला हात लावण्याआधी हात धुणारी माणसं मी आयुष्यात दोनच पाहिली. एक माझी आई आणि दुसरे मकबूलचाचा. आईचं समजण्यासारखं होतं. आमचं घर तुळजापूरच्या पुजाऱ्यांचं, सोवळ्यातलं. घागर भरायची तर आधी ती तीनदा विसळायची, विसळलेलं पाणी मोरीत ओतायचं, आणि भरलेल्या घागरीला मग कोणी शिवायचं नाही. मकबूलचाचांना तिनं त्या घागरीच्या आसपासही फिरकू दिलं नसतं. पण स्वच्छतेत चाचा तिच्या चार पावलं पुढं होते. हे मी तिला कधी सांगितलं नाही, कारण मला त्या घरात जेवायचं होतं.

मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. गावोगावचे पाणीवाले आमच्याकडच्या रिकाम्या बाटल्या नेऊन नळाच्या पाण्यानं भरून आणायचे. आम्ही त्यातले जंतू मोजायचो आणि कागदावर ‘पिण्यास योग्य’ नाहीतर ‘पिण्यास अयोग्य’ असं लिहून, शिक्का मारून परत पाठवायचो. चाचा त्यांच्या ग्रामपंचायतीचे पाणीवाले होते. पंप चालू करायचा, विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची, टाकी भरायची, गल्लीगल्लीतले व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडायचं आणि महिन्यातून एकदा बाटली घेऊन आमच्याकडं यायचं, हे त्यांचं काम. गावाचं नाव लिहीत नाही. नळदुर्गच्या बाजूला, हायवेला चिकटून आहे, एवढं पुरे. गावाजवळच्या नदीला नाव आहे, पण तिथं सगळे तिला नुसतं ‘नदी’च म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

चाचा उंच, काटकुळे. पांढरी दाढी, घोट्याच्या वर दुमडलेली खाकी पँट, खांद्यावर व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी. ती चावी ते एसटीतही बरोबर आणायचे. ठेवून आलो तर कोणीतरी आपल्या गल्लीला जास्त पाणी सोडून घेतं, असं त्यांचं म्हणणं. नखं इतकी आत कापलेली की बघणाऱ्याच्या बोटांना दुखावं.

पहिल्या दिवशी ते आले तेव्हा आमच्या शिपायानं त्यांना पेल्यातून पाणी दिलं. चाचांनी पेला घेतला, बाहेर नळावर गेले, पाणी ओतून दिलं, पेला तीनदा विसळला आणि स्वतः भरून, खाली बसून, तीन घोटांत प्यायले. शिपायाला ते झोंबलं.

“धुतलेलाच होता की,” तो म्हणाला.

“तुमी धुतला असंल. म्या कुठं धुतला?” चाचा म्हणाले आणि रिकामा पेला पुन्हा विसळून पालथा घालून ठेवला.

मला हा माणूस तिथंच आवडला. आईच्या हाताखाली वाढलेल्या मुलीला आवडणारच.

त्यांचं आडनाव पखाली. आजोबा रेड्याच्या पाठीवर कातड्याची पखाल टाकून घरोघरी पाणी घालायचे. वडिलांच्या काळात नळ आले, पखाल गेली, आणि पंचायतीनं त्याच घराला पंपाची किल्ली दिली. चाचांना याचा मोठा अभिमान होता. “पंचायत आता आली. आमी आदीपासून हाय,” असं ते सरपंचालाही ऐकवायचे. त्यांचं आणखी एक ठरलेलं बोलणं होतं. “पानी मुकं हाय, ताई. त्याच्यात काय बी टाका, ते वरडत न्हाय. मग वरडायचं कुनी? पखाल्यानं.” आणि खरंच ते ओरडत असत. नळाला मोटर लावणाऱ्यावर, टाकीखाली म्हशी धुणाऱ्यावर, पाईप फोडणाऱ्या जेसीबीवाल्यावर.

एकदा आमच्या शिपायानं जुना राग काढायचा म्हणून त्यांची परीक्षा घेतली. तीन पेल्यांत तीन ठिकाणचं पाणी ठेवलं आणि म्हणाला, सांगा कुठलं कुठलं. चाचांनी तिन्ही पेले नाकाशी धरले, मग एकेक थेंब जिभेवर ठेवला. “ह्ये तुमच्या हापिसाच्या बोअरचं, खारट हाय. ह्ये टँकरचं, गंज आन् रबराचा वास मारतंय.” तिसरा पेला त्यांनी जरा वेळ हातात धरला. “आन् ह्ये जारचं. ह्याला कुठलंच गाव न्हाय.” शिपायानं त्यानंतर त्यांना चहाही पेला विसळून द्यायला सुरुवात केली.

त्यांच्या बाटल्यांचं मी सगळ्यांना कौतुक सांगायची. इतरांच्या बाटल्या यायच्या त्या तंबाखूच्या पुडीशेजारी, चिखलाच्या हाताचे ठसे घेऊन. चाचांची बाटली पांढऱ्या फडक्यात, स्वच्छ गोणपाटात, मांडीवर बसून यायची. बाहेरूनही लखलखीत. “बाटली आणायची तर चाचांसारखी आणा,” असं मी बाकीच्यांना ती दाखवून सांगत असे. आज ते आठवलं की कानशिलं तापतात.

एकदा विहिरीच्या पाहणीसाठी मी त्यांच्या गावी गेले. विहीर नदीच्या पात्रातच, काठाला खोदलेली. नदीचं पाणी वाळूतून झिरपून विहिरीत यायचं आणि तिथून पंपानं टाकीत जायचं. विहीर बघून मी निघणार तर चाचा म्हणाले, “हिरीत काय बगता? वर चला माज्यासंगं.” आणि मला नदीच्या उगवतीच्या अंगाला, वरच्या बाजूला घेऊन गेले. सकाळची वेळ होती. ते चावीच्या टोकानं एकेक दाखवत पुढं चालत होते आणि मी पदर नाकाशी धरून मागं.

पहिल्यांदा वाळू दाखवली. म्हणजे नसलेली वाळू. पात्रात खडक उघडा पडला होता. आजूबाजूला एवढी घरं झाली, त्यांना वाळू लागली, ती इथूनच गेली. मग काठावरचं गायरान. हायवे चौपदरी झाला, पवनचक्क्या आल्या, बाहेरची माणसं कामाला आली, त्यांना राहायला जागा हवी. गायरानाच्या अलीकडचं ज्वारीचं काळं रान मोडून त्यावर प्लॉट पाडलेले. रंगीत दगड, कमान, कमानीवर हसणाऱ्या पुढाऱ्यांचा फ्लेक्स. घरं झाली, खोल्या भाड्यानं गेल्या, एकेका खोलीत सहा-सहा माणसं. प्रत्येक घराला संडास होता आणि प्रत्येक संडासाला टाकी, जिला गावात ‘शेप्टी’ म्हणतात. ती भरली की वरचा पाईप थेट ओढ्यात, आणि ओढा नदीत. त्याच्यापुढं दोन ढाबे, ट्रक धुवायची जागा, पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग. मग पोल्ट्रीचा ढीग. मग ऊस, त्याच्या खताचं पाणी उतारानं खालीच यायचं. एका ठिकाणी काठावर टायरच्या खुणा होत्या आणि तिथला चिखल काळा होता.

“शेप्टी उपसनारा ट्रॅक्टर हितं मोकळा करत्यात,” चाचा म्हणाले.

मी विचारलं, “तुम्ही कोणाला बोलला नाही?”

“कुनाला बोलू? लोकं वाईट न्हायती, ताई. पोट हाय, कामाला येनार. ऱ्हायाला जागा घेनार. खानार, पिनार, सकाळच्याला उठून जायाचं तितं जानार. त्यात त्यांचा काय गुन्हा? पर प्लॉट पाडताना कुनी तरी इचारायचं हुतं का न्हाय, ह्ये समदं जानार कुठं?” त्यांनी चावीचं टोक पात्राकडं केलं. “आदी वाळूची गाळनी काढून नेली. मग त्याच गाळनीच्या जागंतनं घान सोडली. पानी कसं ऱ्हाईल?”

परत येताना त्यांच्या घरी चहा झाला. चाची दारात होत्या, हसऱ्या, ठेंगण्या. चाचा हात धुवायला न्हाणीत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत, तेव्हा चाची मला दखनीत म्हणाल्या, “इनों पानी कू बी न्हलाते.” पाण्यालासुद्धा आंघोळ घालतात. आम्ही दोघी हसलो. आतल्या खोलीत त्यांच्या मुलीच्या लग्नाचा फोटो होता. नसीम तिचं नाव. एकुलती एक. सोलापुरात दिली होती, जावई पंपाच्या जळालेल्या मोटारींच्या तारा भरायचं काम करायचा.

पाहणीचा अहवाल मी लिहिला. वरच्या बाजूला काय काय आहे, तेही लिहिलं. पण अशा अहवालाला सोबत पाण्याच्या तपासणीचा कागद जोडावा लागतो. तो मी जोडला. त्यावर ‘पिण्यास योग्य’ होतं. त्या गावाचा कागद कधीच नापास झाला नव्हता.

इथंच सगळं अडत होतं. ग्रामसभेत चाचा उठायचे आणि म्हणायचे, नदी सडली, हिरीची जागा बदला, वरच्या प्लॉटवाल्यांना टाक्या नीट बांधायला लावा. सरपंच शांतपणे फायलीतून आमचा कागद काढायचे. “चाचा, बाटली तुमच्याच हातची. शिक्का ताईंचा. दोघांतलं खोटं कोन?” लोक हसायचे. प्लॉटवाल्यांत सरपंचांचा मेहुणा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण कागदाला मेहुणा नसतो, आणि कागद पास होता. चाचा खाली बसायचे. पुढच्या ग्रामसभेत पुन्हा उठायचे. हे किती वेळा झालं, मला मोजता येणार नाही.

एकदा बाटली टेबलावर ठेवून ते उभेच राहिले.

“ताई, तुमच्या मशिनीला वास येतो का?”

“मशीन वास नाही घेत चाचा. आम्ही जंतू मोजतो.”

“आन् जंतू न्हाईत?”

“नाहीत. हे बघा.” मी मागचे कागद काढून दाखवले.

त्यांनी कागद हातात घेतला नाही, फक्त वाकून बघितला. उर्दू त्यांना यायचं, मराठी मोठ्या अक्षरातलं जुळवून वाचायचे. “मंग माजंच नाक बिगडलं असंल. वय झालं,” ते म्हणाले. त्या दिवसापासून त्यांचं ओरडणं कमी झालं. मला बरंच वाटलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला समजलं.

चाचा पुढच्या वेळी आले ते दाढी मेंदीनं रंगवून. नसीमला लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी. सोलापुरात भाड्याची खोली, पाणी पिंपात साठवून पुरवायचं, म्हणून चाची मागं लागल्या होत्या की सातव्यातच आणू. हे सगळं सांगून चाचा दाराकडं गेले, पुन्हा मागं आले.

“ताई, एक इचारायचं हुतं. लेकीला आनू न्हवं? आमच्याकडचं पानी... चालंल न्हवं तिला?”

मी रजिस्टर उघडलं. त्यांच्या गावाच्या नावापुढं खालपर्यंत एकच शब्द होता. मी बोट फिरवून त्यांना तो दाखवला आणि म्हणाले, “खुशाल आणा चाचा.”

उकळून पाजा, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. मी स्वतः ती नदी पाहिली होती, पदर नाकाशी धरून पाहिली होती. पण माझाच कागद योग्य म्हणत असताना उकळायला सांगणं म्हणजे माझ्या कामाचा अपमान, असं काहीतरी माझ्या मनात होतं. नसीम आली. चाचांनी तिच्यासाठी वेगळा माठ आणला आणि तो रोज तीनदा विसळून भरला, हे चाचींनी मला नंतर सांगितलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला नदी आटून तिची डबकी झाली आणि गावात कावीळ आली. टाकीजवळच्या तीन गल्ल्यांत आधी. माणसं झाडपाल्याचं औषध घेऊन आली, गळ्यात माळा घातल्या, पिवळे डोळे घेऊन कामाला जात राहिली. बहुतेक उठली. पण गरोदर बाईला ही कावीळ झाली तर तिचं काही खरं नसतं. नसीमला आठवा होता. आधी तालुक्याला नेलं, तिथून सोलापूरला.

साथ म्हटल्यावर आम्हाला जावं लागलं. मी बाटल्यांची पेटी घेऊन गावात पोचले तेव्हा चाचा टाकीखालीच उभे होते. शेजारी भिंतीला डब्याची पिशवी टेकवलेली. दुपारच्या गाडीनं सोलापूरला निघणार होते. “पंप कोन चालू करनार? म्हून थांबलो,” म्हणाले. मी नसीमचं विचारलं. “आता त्येच्या हातात,” म्हणत त्यांनी आभाळाकडं बोट केलं.

मी एक बाटली त्यांच्या हातात दिली. नेहमीचं काम त्यांनीच करावं, असं मला वाटलं असणार. ते नळाशी उकिडवे बसले. फडक्यानं नळाचं तोंड पुसलं. बाटलीवरचा कागद अलगद काढला, बूच उघडलं, बाटली अर्धी भरली, तळहातानं तोंड दाबून खळखळून हलवली आणि पाणी फेकून दिलं. पुन्हा भरली. पुन्हा फेकलं. तिसऱ्यांदा भरत होते तेव्हा मी म्हणाले, “चाचा, हे काय करताय?”

“इसळतोय.”

“नेहमी?”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्यांना, रोज जेवता का, असं विचारलं होतं. “मंग? बिनइसळल्या भांड्यात पानी भरत्यात व्हय, ताई?”

मी पेटीतली दुसरी बाटली घेतली, उघडली आणि नळाखाली धरून तशीच भरली. चाचा बघत होते. पाण्याच्या बाबतीत त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे.

“तुमी इसळली न्हाय.”

“ही बाटली विसळायची नसते, चाचा.”

“का?”

मग मला सांगावं लागलं. बाटली आम्ही आधीच भट्टीत घालून निर्जंतुक केलेली असते. तिच्या तळाशी औषधाचे थेंब वाळवलेले असतात, दिसणारही नाहीत इतके. नळाच्या पाण्यात तुम्ही टाकलेली पावडर असते. ती बाटलीतही वाटभर जंतू मारत राहते. ते औषध पावडरीला तिथल्या तिथं थांबवतं, म्हणजे नळाला पाणी जसं आहे तसंच आमच्या टेबलावर येतं. औषध धुऊन गेलं तर तुमच्या गावापासून आमच्या टेबलापर्यंतच्या चार-पाच तासांत बाटलीतलं पाणी साफ होऊन जातं. पण लोक काही आमच्या टेबलावरचं पाणी पीत नाहीत. ते नळाखाली तोंड लावून पितात, नाहीतर उघड्या माठात भरतात, आणि तिथं पावडरीचा जोर उडून जातो.

चाचा ऐकत होते. हातातली बाटली त्यांनी खाली ठेवली नव्हती.

“मंग आजपातूरचे कागद?” त्यांनी विचारलं.

मी बाटलीला चिठ्ठी बांधत होते. दोरा दोनदा सुटला.

“म्या लेकीला इचारून आनली हुती, ताई,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. ते मला नव्हे, स्वतःलाच काहीतरी पक्कं करून सांगत होते. मग त्यांनी हातातली बाटली माझ्या पेटीत ठेवली, डब्याची पिशवी उचलली आणि गाडीला निघून गेले. त्या दिवशी पहिल्यांदाच लोखंडी चावी ते विसरून गेले.

मला रडू आलं नाही. मला भीती वाटली, आणि ती भीती माझ्या नोकरीची होती. हे लिहायला लाज वाटते, पण दुसरं काही लिहिलं तर ते खोटं होईल. बाटली विसळू नये, हे पाणीवाल्यांना सांगायचं काम माझं होतं. त्यांना प्रशिक्षण मीच दिलं होतं. अर्ध्या तासात उरकायचं होतं, मध्येच चहा आला, आणि मी म्हणाले होते, स्वच्छता महत्त्वाची, बाकीचं कागदावर आहे, वाचून घ्या. कागदावर होतंच. बारीक अक्षरात, सातव्या की आठव्या ओळीत. समोरच्या बाकावर चाचा बसले होते आणि ‘स्वच्छता’ या शब्दाला त्यांनी मान डोलावली होती.

कितीदा तरी त्यांच्या बाटलीचं बूच बांधलेला दोरा ओला असायचा. ते मी बघितलं होतं. मला वाटायचं, किती नीटनेटका माणूस. आमच्या घरात घागर विसळल्याशिवाय भरलेली मी कधी बघितली नव्हती, म्हणून ओला दोरा माझ्या डोळ्यांत खुपलाच नाही. दुसऱ्या कोणाकडून कदाचित खुपला असता.

तिसऱ्या दिवशी नसीम गेली. बाळ त्याआधीच पोटात दगावलं होतं.

मी न विसळता भरलेल्या बाटलीचा निकाल आला. त्या गावाच्या नावापुढं पहिल्यांदा मी ‘अयोग्य’ लिहिलं. वरून विचारणा झाली, की आजवर योग्य आणि आज अयोग्य कसं? मी उत्तर लिहिलं : ‘नमुना घेणाऱ्या कर्मचाऱ्याने बाटली विसळल्यामुळे पूर्वीचे निष्कर्ष सदोष असल्याची शक्यता नाकारता येत नाही.’ यातला प्रत्येक शब्द खरा आहे. प्रशिक्षणाचं मी लिहिलं नाही. रजिस्टरवरून फिरवलेल्या बोटाचंही लिहिलं नाही. सही केली आणि पत्र पाठवलं.

ते पत्र वरून पंचायतीकडं आलं आणि ग्रामसभेत वाचलं गेलं. मला बोलावलं होतं, मी खुर्चीवर बसले होते. चाचा मागं खांबाला टेकून उभे होते, दाढीतली मेंदी खाली उतरून वरून पांढरी निघालेली. सरपंचांनी पत्र दोनदा वाचलं. चाचांना बोलायला कोणी सांगितलं नव्हतं, पण ते पुढं आले.

“चूक माजी हाय,” ते म्हणाले. “म्या बाटली इसळत हुतो. मला ठावं नव्हतं, पर हात माजाच. आता ही बाटली बिनइसळलेली हाय. कागद नापास हाय. आजवर तुमी म्हनायचा, कागद दावा. आता कागद हाय. आता तरी वर चला माज्यासंगं. समदे चला. आत्ताच्या आत्ता दावतो.”

कोणी उठलं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, म्हाताऱ्यानं गाव मारलं. सरपंच म्हणाले, झालं ते झालं, आता नवा माणूस नेमू, शिकलेला. सगळ्यांनी हात वर केले. प्लॉटचा, पाईपचा, वाळूचा, ट्रॅक्टरचा विषय निघालाच नाही. सगळ्या घाणीला एक जागा सापडली होती, आणि ती चाचांच्या हातात होती. त्या खुर्चीवरून उठून मला बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले आणि सभा संपली. चाचांनी लोखंडी चावी टेबलावर ठेवली. ठेवण्याआधी ती गमछ्यानं पुसली.

पुढं गावात चौकात पाणी शुद्ध करायचं यंत्र बसलं. ज्याला परवडतं तो जार भरून नेतो, बाकीचे नळाचं पितात. पावसाळ्यात नदी फुगली, सगळं खाली वाहून गेलं, कावीळ थांबली आणि लोकांनी विषय सोडून दिला. वर प्लॉटची दुसरी कमान उभी राहिली.

निवृत्तीच्या आधी मी एकदा त्या गावी पुन्हा गेले. नव्या माणसाकडून बाटल्या घेऊन नदीकाठानं परतत होते. कबरस्तान तिथं काठालाच आहे. नव्या प्लॉटचं कुंपण त्याच्या भिंतीला येऊन टेकलं आहे, आणि भिंतीखालून एक पांढरा पाईप नदीत उतरला आहे. भिंतीला लागून हातपंप आहे. चाचा तिथं होते. हातात तांब्याचा लोटा. नसीमच्या कबरीवर पाणी शिंपडायला ते दर शुक्रवारी येतात, असं मला कोणीतरी सांगितलं होतं.

मी पाठ फिरवून निघून जाणार होते. पण त्यांनी मला बघितलं. एका हातानं पंप हापसला, दुसऱ्या हातातला लोटा धारेखाली धरला. थोडं पाणी पडलं आणि त्यांनी लोटा बाजूला घेतला. पाणी धारेनं खाली पडत राहिलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पूर्वी रजिस्टरपाशी उभे राहून बघितलं होतं तसंच.

“ताई, ह्येला चालतंय न्हवं, इसळलं तर?”

मी मान डोलावली. त्यांनी लोटा एकदाच विसळला, भरला आणि तो दोन्ही हातांत धरून आत गेले.